अक्कांची कॉफी

जे. पी. नगरातील आमचे एक शेजारी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलत. संधिवाताने बोटे आखडल्यामुळे त्यांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांना, फिल्टरची कॉफी करणे अशक्य झाले होते, आणि दुसऱ्या कुणाला त्या चुलीपाशी येऊ देत नसत. म्हणून परदेशी, आपोआप चालणारे कॉफीयंत्र घ्यायचे ठरले. मी व्यवसायाने अर्जलेखक; साहजिकच विक्रेत्याशी इंग्रजीत बोलण्याचा मान माझ्याकडे आला.

दुकानात मी प्रास्ताविक सुरू करताच शेजाऱ्यांनी मला अडवले. “थांबा अण्णा, थांबा. कळ हिलाच दाबू द्या.” पिशवीतून घरचा स्टीलचा पेला काढून त्यांनी यंत्राखाली ठेवला.

अक्कांनी वाकड्या बोटाने कळ दाबली. आतल्या आत बिया दळल्या गेल्या, वाफ फुसफुसली आणि दाट, सुवासिक धार पेल्यात उतरली. मीदेखील वाकून पेल्यात डोकावलो!

अक्कांनी घोट घेतला. “स्वल्प कडू आहे.”

शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. “नको? नको तर नको.”

“नको कोण म्हणालं? घरी दूध घालू की!” अक्कांनी पेला रिकामा करून पुन्हा यंत्राखाली ठेवला. “सरका बाजूला. आता तुमच्यासाठी करते.”