पंचांगकाकांचं लाल पाकीट

ज्या संघावर पंचांगकाकांचा जीव होता, त्याला ते दर वर्षी शेवटचा नंबर देत. अमेरिकेत बेसबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ते एका गटातल्या पाच संघांचा क्रम कागदावर लिहीत आणि पाचव्या ओळीत, जराही न अडखळता, आपल्या लाडक्या संघाचं नाव घालत. मग पेनाला टोपण लावून, आजाऱ्याला भेटून आल्यासारखा चेहरा करून कॉफी घ्यायला जात. मी त्या ऑफिसात तीन वर्षं होते. माझ्या आधीही असंच चालत आलं होतं म्हणे.

ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, एका अमेरिकन विमा कंपनीचं. आम्ही सपोर्टचे काकांसकट अकरा जण आणि काका आमचे टीम लीड. मूळचे पुण्याचे, पन्नाशीचे, बारा वर्षं सिंगापुरात. फार पूर्वी कंपनीने त्यांना चार महिने हेड ऑफिसच्या शहरात पाठवलं होतं. तळ्याकाठचं शहर, एप्रिलमध्येही बर्फ. तिथला एक सहकारी त्यांना मॅचला घेऊन गेला. "अर्धं स्टेडियम रिकामं," काका सांगत, "उरलेले लोक ब्लँकेट पांघरून बसलेले. संघ नऊ रन्सनी मागे. आणि एक माणूस उठून जाईना. अशा लोकांना सोडून जाणं मला बरं दिसेना." म्हणून त्या संघाचं आमच्या ऑफिसातलं नाव 'गारठलेले'. गटातल्या बाकीच्या चौघांनाही काकांनीच नावं ठेवली होती: श्रीमंत, म्हातारे, उडाणटप्पू आणि नवशिके. बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणारा माणूसही ही नावं ऐकून दोन दिवसांत कुणाची तरी बाजू घ्यायचा.

'पंचांगकाका' हे नाव टीमने दिलेलं आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. "पंचांग मी बघत नाही, आकडे बघतो," ते म्हणायचे. कोणाचा पिचर म्हातारा झाला, कोणाचा खांदा दुखतोय, कोणी कोणाला विकलं, हे सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं असे. "एकशे बासष्ट मॅचेस असतात गं. पहिल्या वीस मॅचेस नशीब पळतं जोरात. नंतर नशिबालाही धाप लागते. मग जो जसा आहे तसा दिसतो."

अंदाज लिहिण्याची त्यांची एक रीतच होती. चिनी नववर्षाला बँका आणि दुकानं लाल पाकिटं वाटतात. ती प्रत्येक ऑफिसात उरतातच. काका ती फेब्रुवारीतच गोळा करून ठेवत. मार्चमध्ये प्रत्येकाने आपला क्रम लिहायचा, मागे एका ओळीत कारण लिहायचं, कागद लाल पाकिटात घालून चिकटवायचा आणि पॅन्ट्रीतल्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकायचा. डबा उघडायचा थेट ऑक्टोबरात. कारण न लिहिणाऱ्याचं पाकीट काका परत करत. "कारण नसलेला अंदाज म्हणजे नुसती बडबड." डब्याची राखणदार लिम आंटी. त्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीचं काम त्या बघायच्या. त्याही पाकीट टाकत आणि कारणात 'टोपीचा रंग चांगला' असं काहीतरी लिहीत. मी यायच्या आधी एका वर्षी गारठलेले चुकून चौथे आले आणि सगळ्या ऑफिसात तो क्रम एकट्या आंटींचा बरोबर निघाला. काकांनी त्यांना खाली नेऊन नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊ घातला आणि परत येताना गंभीरपणे विचारलं, "आंटी, विच शेड ऑफ ब्लू?"

अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. काका पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत. मीही तिथेच एका खोलीत. आम्हाला एकच बस पडायची. ते वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसत, फोनवर मॅच लावत आणि एकच इअरफोन घालत. दुसरा कान मुलीसाठी. ईरा तेव्हा चौदा वर्षांची, वाटेत शाळेच्या स्टॉपवर उतरायची. उतरताना स्कोअर बघायची आणि तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगायची, "बाबा, स्टिल लूझिंग लाह. गो ऑफिस." काका हात हलवायचे. बस बिझनेस पार्कात शिरेपर्यंत गारठलेले बहुतेक हरलेले असत. काका फोन खिशात घालून म्हणत, "झालं. आता कामाला मोकळे."

माझं त्यांच्याशी जमायचं नाही आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही. मी पिंपरीच्या कामगार वस्तीतली. बाबा युनियनचे. आमच्या घरात शाईचा वास स्वयंपाकाच्या वासाआधी यायचा. जमिनीवर बसून मी पत्रकांच्या घड्या घालायचे तेव्हा मला धड वाचताही येत नव्हतं. वाचायला लागले तेव्हा कळलं, प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ सारखीच असते: विजय आपलाच आहे. म्हणून पहिल्या वर्षी मी कागदावर सगळ्यात वर 'गारठलेले' लिहिलं आणि कारण दिलं, 'कारण कोणीतरी त्यांच्या बाजूने लिहायला हवं.' काकांनी ते पाकिटात जायच्या आधी पाहिलं.

"पत्रकबाई, हा अंदाज नाही, ही इच्छा आहे."

"इच्छेशिवाय कोणी जिंकलंय का, काका?"

"तुझ्या बाबांच्या पत्रकात दर वेळी विजय असायचा ना? किती वेळा झाला?"

बाबांची कंपनी मी दहावीत असताना बंद पडली होती. काकांना ते माहीत नव्हतं. कळलं तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "माझं चुकलं. पण कागद तुझा तसाच राहू दे. डब्यात एखादी इच्छा असलेली चालेल." त्यानंतर दर वर्षी मी गारठलेल्यांना पहिलं लिहीत गेले आणि ते पाचवं. दर ऑक्टोबरात ते बरोबर आणि मी चूक. एका वाक्यावर त्यांचा फार विश्वास होता: "आपण लिहिल्याने कोणी हरत नाही. मैदानातले खेळाडू आपला कागद वाचून खेळत नाहीत."

या वाक्यानेच आमचा घात केला.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या रीजनल हेडनी काकांना एक काम सांगितलं. सपोर्टच्या पाच टीम होत्या: सिंगापूर, क्वालालंपूर, मनिला, पुणे आणि पोलंडमधली एक. येत्या वर्षात कोण कसं काम करेल, त्यांचा क्रम लावून द्या, प्रत्येकाला एका ओळीत कारण. काकांनी विचारलं, कशासाठी हवंय. उत्तर आलं, नुसतं प्लॅनिंगसाठी. पाच नावं, एक क्रम, मागे कारण. दुसरा कोणी असता तर त्याला वास आला असता. काकांना तो आपला रोजचा खेळ वाटला. त्यांनी दोन रात्री बसून आकडे काढले आणि आमच्या टीमला पाचवा नंबर दिला. कारण लिहिलं: खर्च जास्त, माणसं थकलेली, जुनी सिस्टिम यांच्याच गळ्यात.

एक शब्द खोटा नव्हता. आम्ही थकलेलो होतोच. जुनी सिस्टिम आमच्या गळ्यात होतीच.

मे महिन्यात सगळ्यांना मोठ्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. पडद्यावर तेच कोष्टक होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे सिंगापूर टीमच्या लीडचं स्वतःचं मूल्यमापन आहे. सिंगापूरची टीम बंद. अकराही जण. आमच्यातले बहुतेक एम्प्लॉयमेंट पासवर होते. पास रद्द झाला की महिनाभरात नवी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. काकांचा पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला होता. पुढच्या वर्षी ईराची ओ लेव्हल, म्हणजे तिथली दहावी, होती. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. काका पडद्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, जसे ते आकडे तपासताना हलत.

मी त्यांना पॅन्ट्रीत गाठलं. टीममधले बरेच जण तिथेच उभे होते. मी मराठीत बोलले, पण माझा आवाज कोणत्याही भाषेत कळला असता.

"काका, तुम्ही आम्हाला आतून पाडलंत. याला आमच्याकडे फितुरी म्हणतात."

"मी खरं तेच लिहिलं गं."

"तुम्ही लिहिलंत म्हणून ते खरं झालं."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे खोटं लिहायला हवं होतं?"

"हो."

"मग तुझं पत्रक आणि त्यांची स्लाइड, यांत फरक काय उरला?"

मी तोंड फिरवून निघून आले. उत्तर आता आहे आणि ते लिहिल्याशिवाय मला हा मजकूर संपवता येणार नाही. पत्रक खालून लिहिलं जातं आणि त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. मालकाने मागवलेला अंदाज हा अंदाज नसतोच. निकाल आधीच लागलेला असतो. त्यांना हवी असते ती आपल्यातल्या सगळ्यात प्रामाणिक माणसाची सही. लबाड माणसाची सही त्यांच्या काय कामाची? म्हणून त्यांनी काकांना निवडलं. फितूर मी चुकीच्या माणसाला म्हटलं.

हे कळायला मला पाच महिने लागले. तोवर मी माझ्या तत्त्वांना घट्ट धरून बसले. बसमध्ये खालच्या मजल्यावर बसू लागले. टीमच्या वतीने मी कंपनीला एक लांब पत्र लिहिलं, बाकी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकांकडे गेले नाही. त्या पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं, आमच्या योगदानाबद्दल आभार मानणारं.

जूनमध्ये एका सकाळी पुंगोलच्या एलआरटी स्टेशनखाली ईरा भेटली. हातात शाळेचा दाखला होता. मी विचारलं, बाबा कसे आहेत. ती म्हणाली, "ही डझन्ट वॉच एनिमोर. आय टोल्ड हिम, बाबा, यू ऑल्सो लास्ट प्लेस नाऊ लाह, सेम सेम. आय वॉज जोकिंग." मग तिने मराठीत विचारलं, अगदी लहान मुलीसारखं, "ताई, पुण्यात मला मराठीत पेपर लिहावा लागेल का?" मी नाही म्हणाले. मला खात्री नव्हती. त्या शनिवारी काका आणि ईरा पुण्याला गेले. चांगी विमानतळ माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. मी गेले नाही.

मला आंग मो किओत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरी लागली. पगार कमी, पास टिकला. टीममधल्या चार जणांचा टिकला, बाकीचे परतले. ऑक्टोबरमध्ये लिम आंटींचा फोन आला. आमचा मजला रिकामा होत होता, त्यांनाही दुसऱ्या इमारतीत पाठवलं होतं. "बिस्किट टिन हाऊ? थ्रो अवे ऑर व्हॉट?" मी म्हटलं, फेकू नका. त्या रविवारी डबा घेऊन आंग मो किओच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपाशी, आल्या. आम्ही टेबल पुसलं आणि लाल पाकिटं ओळीने मांडली. बारा होती. टीमची अकरा आणि आंटींचं एक.

काकांचं मी शेवटी उघडलं. ते मार्चच्या शेवटी भरलेलं, म्हणजे ऑफिसातलं ते कोष्टक दिल्यानंतर महिन्याभराने. तेच टोकदार अक्षर. पहिल्या ओळीत 'गारठलेले'. खाली श्रीमंत, म्हातारे, उडाणटप्पू, नवशिके. मी कागद उलटा केला. कारणाच्या जागी त्यांनी 'कारण' हा शब्द लिहिला होता, पुढे दोन टिंबं दिली होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

मार्चमध्येच त्यांना कळून चुकलं होतं का? की आपण काय लिहून दिलं याची नुसती भीती होती? माहीत नाही. माझा कागद शेजारी ठेवला. दोन्हींचा क्रम ओळ न् ओळ एक होता. इतक्या वर्षांच्या भांडणात तो माणूस एकदाच माझ्या बाजूला आला आणि तेही चिकटवलेल्या पाकिटात, कोणाला न सांगता. मी त्यालाच सगळ्यांदेखत फितूर म्हटलं होतं.

मी त्यांना मेसेज केला: "काका, डबा उघडला. तुमचं पाकीट वाचलं. मला माफ करा."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "कितवे आले?"

मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. बर्फातल्या त्या रिकाम्या स्टेडियममधून न उठणारा माणूस उठून गेला होता. शंभराहून अधिक मॅचेस झाल्या आणि त्याने एकही पाहिली नव्हती. खोटं लिहिणं सोपं होतं. चौथे लिहिलं असतं तरी त्यांना जरा बरं वाटलं असतं. मी 'पाचवे' लिहिलं.

"आणि आंटींनी काय लिहिलं होतं?"

आंटींचा कागद समोरच होता. गारठलेले पाचवे. कारण: 'बॉस मिस्टर ऑल्वेज से फिफ्थ.'

मी ते कळवलं. त्यानंतर काकांचं काही आलं नाही. आंटींनी विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जिंकलात, टोस्ट द्यायला सांगितलंय. हे मात्र खोटं होतं. आंटी खूश झाल्या, उठून स्वतःच दोन टोस्ट घेऊन आल्या आणि आम्ही पाकिटं बाजूला सारून खायला सुरुवात केली.