ओटीचा नारळ

कुणी माझी ओटी भरू लागलं की नारळाच्या शेंडीचा वास येतो आणि मी पाचोऱ्याजवळच्या त्या अंगणवाडीत जाऊन पोहोचते. मी तिथे नवखी सेविका होते. एका दुपारी गावातली सुमन अंगणवाडीत येणाऱ्या लेकीला घेऊन आली. सुमनच्या पाठभर वळ होते.

"ताई, माले आठेच ऱ्हाऊ दे."

मी तिला पाणी दिलं, इथे कसं राहणार म्हटलं, नांदत्या बाईने घर सोडू नये म्हणून समजावलं. खिचडीच्या तांदळाने ओटी भरली, नारळ घातला आणि सासरी पाठवलं. माहेरपणच केलं, असं वाटलं मला.

चौथ्या दिवशी लेक एकटीच आली. हातात तोच नारळ.

"माय मरी गयी. आजीनी सांगं, नारय परत दी ये."

मी नारळ घेतला. अंगणवाडी सुटल्यावर तिलाही घरीच पाठवलं.