नमुने गोळा करण्यास मदत

"फोटो तू काढ," सर म्हणाले. "पेपरमध्ये नाव असलेले सगळे फ्रेममध्ये येऊ देत."

मी मोबाइल हातात घेतला. समोर सात जण. मधोमध केतकी, हातात फुलं. सगळे हसले. मी तीन फोटो काढले. हात जरासुद्धा हलला नाही.

पेपर, म्हणजे शोधनिबंध, डेंग्यूच्या विषाणूवर होता. नवी मुंबईतल्या सरांच्या लॅबमध्ये मी चार वर्षं रिसर्च फेलो होते. दिवाळे माझं गाव. आई मासळी विकते. गावात तापाची साथ आली तेव्हा लॅबच्या माणसांना कुणी दार उघडेना. मग मला पाठवलं. मी सख्ख्या काकीच्या दंडाला पट्टा बांधून रक्त घेतलं. ते बघून बाकीच्यांनी हात पुढे केले. त्या रक्तातला विषाणू काचेतल्या पेशींवर वाढवायचा, तेही मीच केलं. कित्येक महिने काहीच वाढेना. पद्धत बदलली, पुन्हा बदलली. मग वाढला.

त्यानंतर केतकी आली. परदेशात शिकलेली. तिचे वडील डॉक्टर, सरांचे वर्गमित्र. तिने माझ्या आकड्यांचे आलेख केले, इंग्रजी लिहिलं. पहिलं नाव तिचं. माझं शेवटच्या पानावर, आभारांत. 'नमुने गोळा करण्यास मदत.'

हेवा हा फार सभ्य शब्द झाला. मी जळायचे. तिच्या इंग्रजीवर. सरांसमोर ती खुर्चीत रेलून बसायची, त्यावर. चार वर्षांत मला त्या केबिनमध्ये कुणी बस म्हटलं नव्हतं. माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास इन्क्युबेटरपर्यंत जातो असं सर एकदा म्हणाले, सगळे हसले, तेव्हापासून मी बटाट्याची भाजी न्यायचे. केतकी वाईट नव्हती. स्वतःच्या डब्यातलं मला द्यायची. त्याने तर जास्तच आग व्हायची.

पेपर घरी नेला. आईला इंग्रजी येत नाही.

"तुजा नाव कुठं हाय?"

मी शेवटचं पान काढून बोट ठेवलं. तिने पान उलटून पहिलं बघितलं.

"मंग ही पुडची कोन?"

मी पेपर मिटून पिशवीत ठेवला.

सोमवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मी एकटी, पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरसमोर उभी. आत केतकीच्या पुढच्या पेपरचे फ्लास्क. बटण बंद केलं तर संध्याकाळपर्यंत सगळं खलास. लाइट गेली असेल म्हणतील. बोट बटणावर होतं. दाबायच्या आधी काचेतून आत बघितलं. झाकणांवर नंबर, अक्षर माझं. पहिलाच नंबर काकीच्या रक्ताचा. केतकीचं खराब करायला निघाले होते आणि समोर सगळं माझंच होतं.

बोट काढलं.

माझ्या तीन वह्या घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. न विचारता बसले. पेपरवर माझं नाव का नाही, विचारलं. सर शांत होते. लेखक म्हणजे विचार करणारा, म्हणाले. "तू हात चालवलेस."

"सर, पद्धत मी बदलली. कधी, का, सगळं वहीत आहे."

त्यांनी वही उघडलीच नाही. पुढच्या महिन्यात माझी फेलोशिप वाढवायची होती, त्याची आठवण दिली. केतकीला बोलावलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, सर म्हणाले तसं केलं.

त्याच दिवशी मी वह्यांच्या पानांचे फोटो तक्रारीसोबत पेपर छापणाऱ्या जर्नलला पाठवले.

चौकशी रखडली. शेवटी दुरुस्ती छापून आली. माझं नाव दुसरं. पहिलं नाहीच. फेलोशिप गेली. दोन मुलाखती चांगल्या झाल्या, मग सरांना फोन गेले असावेत, पुढे काही कळलं नाही. आता पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासते. पीएचडी दुसऱ्या मार्गदर्शक मॅडमकडे सुरू आहे. केतकी परत परदेशात गेली. तिची बातमी वाचली की अजून जळते. खोटं कशाला बोलू.

यंदा गावात पुन्हा ताप आला. सरांच्या लॅबमधून फोन. नमुने मिळवून देशील का, लोक तुझंच ऐकतात.

"पेपरमध्ये माझं नाव कितवं?" मी विचारलं. "ते आधी लेखी द्या."

मी फोन ठेवला आणि मॅडमना कळवलं, साथीवरच्या संशोधनाचा प्रस्ताव मी लिहितेय. माझ्या नावाने. माझ्या गावाचं रक्त माझ्या हातून आता मुकाट्याने जाणार नाही.