जेन दोब्री, पान्ये मार्कू

दोन हजार सालच्या आसपास आमची बटालियन शांतिसेनेत, दक्षिण लेबनॉनमध्ये होती. मी हवालदार, वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला. ड्यूटी चेकपोस्टवर. रोज सकाळी सातच्या सुमारास पोलिश तुकडीचा पाण्याचा टँकर यायचा. ड्रायव्हर कॉर्पोरल मारेक. गाडी तपासून होईपर्यंत तो मला एक वाक्य शिकवायचा.

'जेन दोब्री' म्हणजे नमस्कार. मान द्यायचा तर नावाआधी 'पान' लावायचं. हाक मारताना नाव बदलतं, आपल्या रामचं 'रामा' होतं तसं. 'पान मारेक'चं होतं 'पान्ये मार्कू'. पुरुष म्हणतो 'स्पावेम', झोपलो. बाई म्हणते 'स्पावाम', झोपले. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं होतं, पण मी आठवडाभर 'झोपले'च म्हणत राहिलो. अख्खी पोस्ट हसायची, मारेक सगळ्यात जास्त.

त्या दिवशी ०६४० वाजता रेडिओवर मेसेज आला.

"नाल्याकडचा रस्ता बंद. पावसाने सुरुंग वाहून रस्त्यावर आलेत. प्रत्येक गाडी थांबवून सांगा. ओव्हर."

"रॉजर." मी लॉगबुकात लिहिलं.

०७०५ ला टँकर आला.

"जेन दोब्री, पान्ये मार्कू! स्पावेम दोब्झे." छान झोपलो. एकही चूक नाही.

मारेकने खिडकीतून हात काढून माझी पाठ थोपटली. हुरळली मेंढी, तशी माझी गत झाली. बॅरियर मीच उचललं.

टँकर नाल्याकडच्या वळणाआड गेला आणि मेसेज आठवला. धावत जाऊन हँडसेट उचलला. ०७११ ला स्फोट झाला. मारेक जागीच गेला.

कंपनी कमांडरसाहेब आले. "रस्ता बंद असल्याचं सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, साहेब."

माझ्या शब्दावर चौकशी संपली. ड्रायव्हरने सूचना मोडली, असं लिहिलं गेलं.

मानवंदनेनंतर मारेकच्या तुकडीतला त्याचा मित्र तोमेक जवळ आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मारेक हट्टीच होता, तू तुझं काम केलंस. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "जेंकुये." म्हणजे धन्यवाद. आणि मी पढवलेल्या पोपटासारखं उत्तर दिलं, "प्रोशे." त्यात काय एवढं. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

रिटायर होऊन घरी आलो. वालीवच्या कारखान्यांतले काही फिटर नोकरीसाठी पोलंडला निघालेत, ते रविवारी माझ्याकडे चार वाक्यं शिकायला येतात. परवा तुळिंजच्या एकाने विचारलं, "काका, तुम्हाला कोणी शिकवलं? अजून कॉन्टॅक्टमध्ये आहे का तो?"

मी मग उठून उभा राहिलो आणि साहेबांना सांगायला हवं होतं ते पोरांना सांगितलं.

"कॉर्पोरल मारेकने शिकवलं. तो सुरुंगावर गेला. त्याने कुठलीही सूचना मोडली नव्हती. मी ती त्याला दिलीच नव्हती."