डिंकाच्या टेबलावरचा साहेब

माझा पहिला इंटरव्ह्यू घाटकोपरच्या पोस्टात, डिंकाच्या टेबलापाशी झाला. घेणाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही.

आयटीआय करून मी घरी बसलो होतो. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या मॅनेजरला अर्ज पाठवत होतो. माणूस अनोळखी, म्हणून आजोबा कोकणातून आले तिथपासून सगळं सविस्तर लिहिलं होतं. चार फुलस्केप भरले होते.

शेजारी हा पन्नाशीचा गृहस्थ बरबटलेल्या बोटांनी पाकीट चिकटवत होता. त्याने न विचारताच माझा अर्ज वाचायला घेतला आणि दुसऱ्याच पानावर मोठ्ठी जांभई दिली.

"ओळख ना पाळख, आणि चार पानं? समज, मी साहेब. घरी निघालोय. बोल पटकन!" असं म्हणून माझे कागद घेऊन तो खरंच दाराकडे चालू लागला.

मी मागे धावलो. "साहेब, मी टर्नर आहे! लेथवर एकदा माझा हात बघा, नाही पटलं तर हाकला!"

सगळं पोस्ट वळून बघायला लागलं. तो दारात थांबला.

"झकास! एवढंच लिही. आजोबांना घरी ठेव."

मी तेवढंच लिहून पेटीत टाकलं. परत आलो तर हा आपल्या जाडजूड पाकिटावर तिकिटांमागून तिकिटं लावत होता.

"काका, हा कुठला साहेब?"

"बायको आहे. रुसून माहेरी गेलीय."

"मग तिला एवढं लांबलचक?"

त्याने शेवटचं तिकीट मुठीने दाबलं.

"ती ओळखते ना रे मला."