लांजेवार सरांची पोस्टकार्डं

लांजेवार सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते मी चुकत असताना. आंबागडहून भंडाऱ्याच्या कॉलेजात नुकताच आलो होतो आणि सकाळी मैदानावर एकटाच पळत होतो. आमचे क्रीडाशिक्षक असलेले सर सायकल हातात धरून बराच वेळ बघत उभे होते. शेवटी त्यांनी हाक मारली.

"काहून रे, एवढं मोठं मैदान पडलं आहे, अन् तू त्या चुन्याच्या रेघेवरूनच काहून पळून राहिला?"

"सवय हाये जी. गावात धुऱ्यावरून पळतो."

धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधली, पाण्यानं भरलेल्या दोन वाफ्यांमधली, पाऊलभर रुंदीची मातीची वाट. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढून काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल, या उत्सुकतेपोटी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि मग तीन वर्षं जातच राहिलो.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला एक प्रश्न दिला आहे: आपल्याकडच्या कॉलेजातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना कंपन्या घेतात तरी कशा? खरं सांगायचं तर हे कोडं मलाही पुष्कळ वर्षं पडलं होतं. सत्तरच्या दशकात 'स्पॉन्सर' हा शब्द आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हता. 'पोराले कंपनीनं घेतलं' एवढंच लोक म्हणत. घेतलं म्हणजे नोकरी, बूट, दूध-अंडी आणि शर्यतीसाठी रजा. हे भाग्य बहुधा कबड्डी-हॉकीवाल्यांच्या वाट्याला यायचं. अर्धा-पाऊण तास घाम गाळत जाणाऱ्या पोराकडे बघत उभं राहायला वेळ कोणाला होता?

एकदा गावातले एक बिडीवाले शेठजी आपल्या बिडीचं नाव छापलेले बनियन आणि वर रोख बक्षीस घेऊन आले. त्या काळी पैसे घेतलेला खेळाडू विद्यापीठाच्या स्पर्धेतून बाद व्हायचा. आम्हाला त्याची फिकीर नव्हती, नव्या बनियनवर आमचा जीव जडला होता. सरांनी शेठजींना चहा पाजला आणि हात जोडले. "शेठजी, तुमचं मन मोठं आहे. पण ही पोरं दम टिकवाले पळतात, अन् तुमची बिडी..." शेठजीच आधी हसले.

सरांचा मार्ग वेगळा होता. ते म्हणत, साहेबाला एका दिवसाची शर्यत दिसते. बाकीचे दिवस त्याला कोणीतरी दाखवले पाहिजेत. म्हणून दर महिन्याला ते नागपूरच्या कंपन्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांना प्रत्येक मुलाबद्दल एक पोस्टकार्ड लिहीत. कोण किती पळाला, कोणाला ताप आला, कोण कुठे हरला आणि का, सगळं त्यात असे. आम्ही चिडायचो. बाजारात किडकं वांगं कोणी वर मांडतं का, असं मी एकदा तोंडावर विचारलंही.

"खाली लपवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही," सर म्हणाले आणि पत्ता लिहू लागले.

माझी मोठी खोड अशी की मी पुढच्याला ओलांडत नसे. दम असून त्याच्या मागे पळत राही. सरांनी समजावलं, रागावले, आणि अखेर एका रविवारी थेट आंबागडला आले. माझा बाप त्यांना धुऱ्यावरून शेत दाखवायला घेऊन गेला. सर आपल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांसह घसरून गुडघाभर चिखलात उतरले. बापानं हात दिला.

"गुरुजी, येथं समोरच्याले ओलांडाचं म्हंजे त्याले बांधीत पाडाचं. डोक्यावर रोपाचा भारा रायते बाईच्या. आमी लेकराले पयलं हेच शिकवतो."

चिखलात उभ्या उभ्या सरांनी वही काढली. एका मुलाचं पाऊल का अडतं, एवढं जाणून घ्यायला स्वतः चिखलात उतरणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

शेवटच्या वर्षी बापानं बजावलं, "रोवणीपर्यंत कंपनीनं घेतलं तं ठीक, नाही तं घरी ये." रोवणी म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची धानाची लावणी, तेव्हा माझं पळणं त्या एका उन्हाळ्यावर टांगलेलं होतं. अशात नागपूरच्या एका कंपनीचे साहेब निवड करायला आले. भंडारा ते वरठी अशी शर्यत ठरली. जागा एकच होती. सर सायकलवरून सोबत येत होते, पण त्यांनी बोलायचं नाही अशी साहेबांची अट होती.

गोंदियाचा एक मुलगा माझ्या पुढे होता. अर्ध्या वाटेत तो दमला. बाजूनं दोन ट्रक जातील एवढा रस्ता मोकळा होता, पण तो सावकाश झाला तसा मीही सावकाश झालो. सरांच्या सायकलची चेन तेवढी कुरकुरत होती. वरठी स्टेशनच्या अलीकडे शर्यत संपली तेव्हा मी तिसरा होतो. संपलं, असं मी धरून चाललो.

साहेबांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. "हा मुलगा पुढच्याला ओलांडत नाही. दम कमी म्हणून नव्हे, धुऱ्यावर वाढला म्हणून. हरला तर त्याला एकदा एकट्याला पळवून पाहावं, ही विनंती."

सरांनीच माझं व्यंग चव्हाट्यावर मांडलं, या विचारानं मला रडू फुटलं. पण साहेब कार्डाकडेच बघत म्हणाले, "उद्या सकाळी. एकटा."

दुसऱ्या दिवशी वरठीहून भंडाऱ्याला मी एकटा पळत आलो. समोर कोणी नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावून चालू आहे का ते तपासलं, आणि मग माझं पूर्ण नाव विचारलं.

रोवणीला मी गेलो, तो कंपनीतून रजा घेऊन. पुढे मी ओलांडायला शिकलो, बरीच वर्षं कंपनीसाठी पळलो. ते किडकं वांगं सरांनी वर मांडलं नसतं, तर मी आज हे लिहायला नसतो. सर, तुमच्यावर तेव्हा रागावलो होतो, त्याची माफी इथे चारचौघांत मागतो.

आता सुट्टीत भंडाऱ्याला आलो की सकाळी सरांसोबत तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, फिरायला जातो. सर हल्ली हळू चालतात. परवा मागे वळून म्हणाले, "बाजूनं निघून जा ना रे, जागा आहे."

मी म्हणालो, "नाही जी."

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी अशीच पुष्कळ वर्षं पुढे चालावं. मागे मी आहेच.