भोंगेकाकांच्या दोन ट्यूब

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये एकतीस वर्षं ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला लोक भोंगेकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? त्यांना त्या नावाचा राग नव्हताच. राग होता तो आपल्या अक्कलदाढेचा. आयुष्यभर हिरडीत दडून बसलेली ही बया निवृत्तीच्या तोंडावर सुजली, आणि शेवटी हिरडी कापून काढावी लागली. बायको म्हणाली, होती नव्हती ती अक्कलही गेली. भोंगेकाकांना हसायचं होतं, पण तोंडात टाके होते.

दुखण्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. घोर होता तो तारखेचा. बरोबर बाविसाव्या दिवशी बागेतल्या मंचावर बँडचा कार्यक्रम होता. भोंगेकाकांचा तो शेवटचा आणि त्यांच्या लेकीचा पहिला. लेक त्याच दलात आगी विझवायची आणि नुकतीच बँडमध्ये आली होती. बापलेकीला शेजारी बसून वाजवायला मिळणार होतं ते एवढं एकदाच. ते हुकलं असतं तर जन्माची चुटपुट लागली असती.

दाढ काढणारी डॉक्टर लेकीच्याच वयाची, पण खमकी. तिने एक छोटी ट्यूब हातात ठेवली. दिवसातून तीनदा हात धुऊन, जागा कापसाने टिपून, जरासं जेल टाक्यांवर हलकेच लावायचं आणि मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. जखम भरायला याची मदत होईल, पण ही जादू नाही, असंही तिने बजावलं. चहासुद्धा फुंकून गार करायचा नाही म्हणाली.

"काका, जखम भरलेली मला दिसली तरच वाजवायचं. तोवर ट्रम्पेट ओठाला लावायचं नाही."

भोंगेकाकांनी शब्द पाळला. लेक सराव करायची तेव्हा ते शेजारी बसून नुसत्या कळा दाबायचे, गाल मात्र फुगू द्यायचे नाहीत. पण एकतीस वर्षांची सवय अशी सुटते होय? वाजवायचं नसलं तरी रोज सकाळी ते ट्रम्पेट पुसायचे आणि सूर जुळवायची जी सरकती नळी असते तिला ग्रीस लावायचे. ग्रीसही ट्यूबमध्येच असतं. आणि या गृहस्थांची प्रत्येक मोलाची वस्तू, गोळ्यांपासून कानटोपीपर्यंत, ट्रम्पेटच्या पेटीतच राहायची. जेलसुद्धा तिथेच गेलं.

नवव्या दिवशी चष्मा कपाळावर राहिला आणि घात झाला. हिरडीला बोट लावताच तोंडाला सायकलच्या दुकानाची चव आली. इकडे ट्रम्पेटची नळी चिकट होऊन जागच्या जागी अडकली, आणि तिला मात्र पुदिन्याचा छान वास येत होता.

पेटी उचलून भोंगेकाका तडक दवाखान्यात गेले आणि खुर्चीत बसताच डोळे गच्च मिटून घेतले. डॉक्टरने जखम हलक्या हाताने धुतली, आतबाहेर तपासली, ग्रीसच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"जखम छान भरतेय, काका. ट्रम्पेटचं मात्र मला काही सांगता येणार नाही."

त्या दिवसापासून जेल बायकोने ताब्यात घेतलं. दिवसातून तीनदा हाक यायची, "अहो, आ करा." एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताच्या धुतलेल्या बोटावर जेल. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण इतक्या जवळून तिने आपल्याकडे कधी पाहिलं होतं, ते भोंगेकाकांना आठवेना. त्यांना ते फार आवडायला लागलं.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरने हिरडी पाहिली. गुलाबी, मिटलेली. तिने एकच धून वाजवायची परवानगी दिली. तीही शेवटचा लांब सूर सोडून, आणि मी समोर बसणार, या अटीवर.

कार्यक्रमात भोंगेकाका जपून वाजले, पण वाजले. शेवटचा सूर आला तेव्हा त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं आणि लेकीने तो एकटीने धरला. तो इतका लांबला, इतका स्वच्छ लागला, की त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

टाळ्या थांबेनात. आणखी एक वाजवा, असा गलका झाला. भोंगेकाकांनी पहिल्या रांगेत डॉक्टरकडे पाहिलं. ती उठून मंचाशी आली. शेजारी बसलेल्या बायकोने पर्समधून टॉर्च काढला आणि तीही मागोमाग आली. शेकडो माणसांसमोर भोंगेकाकांनी खाली वाकून मोठ्ठा आ केला. मागच्या रांगांतले लोक उभे राहून पाहू लागले. डॉक्टरने नीट निरखून पाहिलं.

मग तिने एक बोट वर केलं. आणखी एकच धून.

भोंगेकाका जागेवर जाऊन बसले, आणि लेकीने आपली खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला भिडवली.